इंटर्नशिपचे आठ आठवडे: डिस्पॅचच्या टेबलापाशी बसा

एमबीएचं पहिलं वर्ष संपलं की मे-जूनचे आठ-दहा आठवडे इंटर्नशिपचे. माझे बडोद्यातच गेले, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्हचे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. दांडिया बाजारातून रोज स्कूटरवर जायचे, डब्यात पोळी-भाजी. मैत्रिणींना मुंबईच्या मोठ्या कंपन्या मिळाल्या म्हणून सुरुवातीला खट्टू होते. आता मात्र ज्युनियर्सना सांगते, फायनान्स शिकायचं असेल तर छोटा कारखाना धरा. ऑर्डर येण्यापासून पैसे जमा होईपर्यंत सगळं एकाच छपराखाली बघायला मिळतं.

गेल्या गेल्या प्रोजेक्ट मागू नका. मालकांना विचारा, "सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" आमचे म्हणाले, "पेमेंट अडकतं." त्याच संध्याकाळी मी त्यांना तीन ओळींची मेल टाकली: प्रश्न कोणता, कुठली कागदपत्रं लागतील, कोणाशी बोलेन. एवढं लेखी ठरवून घ्याच. माझ्या एका वर्गमित्राचं ठरलंच नव्हतं. त्याचे सहा आठवडे जुनी बिलं स्कॅन करण्यात गेले.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून येणी, म्हणजे गिऱ्हाईकांकडून यायचे पैसे, काढली आणि किती दिवस थकलेत त्याप्रमाणे 30, 60, 90 दिवसांचे रकाने पाडले. पैसे कोणाकडे अडकलेत ते कळलं, का अडकलेत ते नाही. म्हणून डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करणाऱ्या, काकांशेजारी खुर्ची टाकली आणि थकलेल्या बिलांच्या फायली एकेक उघडल्या. बिल, मालाचं चलन, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), सगळं टाचलेलं. पण पहिल्या नऊपैकी पाच फायलींत मालाचं लॅबमधलं टेस्ट सर्टिफिकेट गाडीबरोबर गेलेलंच नव्हतं, दोन-तीन दिवसांनी मेलने गेलं होतं. तोवर गिऱ्हाईकाच्या स्टोअरने माल बाजूला ठेवून लेखी हरकत कळवलेली. स्टोअरची पावती नाही, म्हणून अकाउंट्समध्ये बिल पुढे सरकत नाही.

इथे वर्गातलं कामी आलं. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. पण खरेदीदाराने माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती दूर झाल्यावरच दिवस मोजायला सुरुवात होते. म्हणजे आमच्याच एका कागदापायी आमची मुदत उशिरा सुरू होत होती.

हे मी मालकांच्या आधी काकांना दाखवलं. ज्याच्या टेबलावरचं काम आहे त्याला आधी विचारायचं, हा नियम मी कधीच मोडणार नाही. त्यांनीच खरं कारण सांगितलं: लॅब सहाला बंद होते, गाडी साडेसातला भरते. कितीही एक्सेल केलं असतं तरी हे मला सापडलं नसतं. गेटपासवर सर्टिफिकेटसाठी एक रकाना घाला, तो भरल्याशिवाय गाडी सोडू नका, हा उपायही त्यांचाच. रिपोर्टमध्ये मी तो त्यांच्या नावाने लिहिला.

रोज निघताना दहा मिनिटं वही लिहा: आज काय पाहिलं, कोणाला विचारलं, एक आकडा. प्लेसमेंटच्या मुलाखतीत मला पाऊण तास याच कामावर विचारलं. वही नसती तर निम्मं आठवलं नसतं. गिऱ्हाईकांची नावं आणि दर मात्र लेखी परवानगीशिवाय कॉलेजच्या रिपोर्टमध्ये घालू नका.

शेवटचा आठवडा नवीन काही शोधण्यात घालवू नका. येण्यांचा तक्ता अकाउंट्सच्या मुलाला शिकवा, त्याच्याकडून एकदा भरून घ्या. आणि दोन-तीन महिन्यांनी परत जाऊन या, कारण "पुढे काय झालं?" हा प्रश्न मुलाखतीत येतो. मी दिवाळीच्या आधी पेढे घेऊन गेले. काकांनी काही न बोलता गेटपासचं नवं पुस्तक पुढे सरकवलं. रकाना छापून आला होता.