मंडळीत नवे पाळक आल्यावर त्यांच्याशी ओळख कशी वाढवावी

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे एका चर्चमध्ये एकत्र उपासना करणाऱ्या समाजांत, पाळक (धर्मगुरू) बदलणे ही नेहमीची गोष्ट आहे. बिशपांकडून बदलीचा आदेश निघतो, जुन्या पाळकांचा निरोपसमारंभ होतो आणि काही दिवसांत नव्या पाळकांचे सामान बंगल्यासमोर उतरते. मंडळीतल्या जुन्या माणसांनी असे कितीतरी पाळक पाहिलेले असतात. नव्या पाळकांनी मात्र ही मंडळी पहिल्यांदाच पाहिलेली असते. त्यांना सगळ्या कुटुंबांची नावे, नाती आणि दुखणीखुपणी लक्षात ठेवायची असतात, तर आपल्याला एकाच कुटुंबाची ओळख करून घ्यायची असते. म्हणून ‘पाळकसाहेब अजून आमच्याकडे आले नाहीत’ अशी तक्रार करत बसण्यापेक्षा पुढाकार आपणच घेतलेला बरा.

पहिल्या आठवड्यात भेटायला जायचे असल्यास थोडा वेळ जावे आणि उपयोगी पडेल असे काहीतरी सांगून यावे. नळाला पाणी किती वाजता येते, कोणता दवाखाना रात्री उघडा असतो, मुलांच्या शाळाप्रवेशासाठी कोणाला भेटावे, ही माहिती हार-शालीच्या सत्कारापेक्षा त्या घराला अधिक हवी असते. जेवणाचा डबा न्यायचा असेल तर महिला मंडळात आधी विचारून घ्यावे, नाहीतर एकाच संध्याकाळी पाच घरांतून पाच डबे येतात आणि दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवण राहत नाही.

पाळक कोणत्या परंपरेत वाढले हे आरंभीच समजून घेतले तर पुढचे अनेक गैरसमज टळतात. आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्या ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत, त्या संस्थेची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाली, तेव्हा अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन वळणाची युनायटेड चर्च अशा सहा संस्था एकत्र आल्या. संस्था एक झाली तरी सवयी एका दिवसात एक होत नाहीत. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले आणि तिथल्या मंडळ्यांवर काँग्रिगेशनल शिस्तीचा, म्हणजे मंडळीने आपला कारभार आपणच चालवण्याचा, ठसा उमटला. याउलट अँग्लिकन वळणाच्या मंडळीत वाढलेल्या पाळकांना छापील उपासनाक्रम, ठरलेला झगा आणि बिशपांचा अधिकार या गोष्टी स्वाभाविक वाटतात. बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा या दोन्हींना या चर्चमध्ये जागा आहे. तेव्हा नव्या पाळकांनी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीची, पद्धत थोडी वेगळी ठेवली तर लगेच ‘आमच्याकडे असे चालत नाही’ म्हणू नये. ‘आपल्या आधीच्या मंडळीत कसे करत होते?’ असे विचारावे. शिक्षण कुठे झाले, पहिली नेमणूक कोणत्या गावी होती, आवडीचे भजन कोणते, हे प्रश्नही चांगले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या भजनांचा विषय निघाला की मराठी पाळकांशी बोलणे सहसा अडत नाही.

उपासना संपल्यावर पाळक दाराशी उभे राहून सगळ्यांना भेटतात, तेव्हा मागे रांग असते हे लक्षात ठेवावे. तिथे घरातला प्रश्न उलगडत बसू नये. नाव सांगावे, आणि नुसते आडनाव सांगून थांबू नये, कारण आपल्या मंडळ्यांत एकाच आडनावाची आठ-दहा घरे असतात. ‘मी साळवे’ याने काहीच कळत नाही. ‘स्टेशन रोडचे साळवे, संडे स्कूलच्या बाईंचा धाकटा’ याने चेहरा लक्षात राहतो. पुढचे दोन-तीन रविवार पुन्हा नाव सांगावे. त्यात कमीपणा काही नाही, उलट पाळकांची अडचण वाचते.

खरी ओळख होते ती घरभेटीत. बोलावणे मोघम नसावे. ‘कधीतरी या’ हे बोलावणे नव्हेच. वार आणि वेळ ठरवून सांगावे, आणि शनिवारची संध्याकाळ टाळावी, कारण ती रविवारच्या संदेशाच्या (प्रवचनाच्या) तयारीची असते. पाळक आले की टीव्ही बंद करावा, घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसावे आणि चहा-फराळाचा थाट बेताचाच ठेवावा, नाहीतर घरातली बाई सारा वेळ स्वयंपाकघरातच राहते आणि जिच्याशी बोलणे व्हायला हवे तिच्याशीच होत नाही. शास्त्रवाचन झाले की पाळक बहुधा विचारतात, ‘कोणासाठी विशेष प्रार्थना करायची आहे?’ यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘सगळ्यांसाठीच करा.’ हे उत्तर नम्र दिसते, पण त्यातून पाळकांना त्या घराविषयी काहीच कळत नाही. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे, धाकटी बारावीला आहे, थोरल्याची नोकरी गेली आहे, असे नेमके सांगावे. जे मुलांसमोर सांगता येत नाही ते दारापर्यंत सोडायला जाताना सांगावे, किंवा वेगळी भेट मागावी. घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल तर त्यांना प्रभुभोजन घरी हवे आहे का, हेही याच भेटीत सांगून टाकावे. निघण्यापूर्वी कुटुंबातल्या सगळ्यांची नावे, बाप्तिस्मा व दृढीकरण (कन्फर्मेशन) झाले आहे की नाही, आणि फोन नंबर एका कागदावर लिहून द्यावा. मंडळीच्या नोंदवहीत लग्न होऊन गेलेल्या मुली आणि पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मुले पुष्कळदा तशीच राहून गेलेली असतात.

आता काय करू नये, ते. मंडळीत गट असतात आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत ते उघडही होतात. नव्या पाळकांना गाठून ‘अमक्यापासून जपून राहा’ असे सांगणारा माणूस पहिल्याच आठवड्यात हजर होतो, आणि तो स्वतःला पाळकांचा हितचिंतकच समजत असतो. असे कान भरणारे आपण होऊ नये. कोणाविषयी पाळकांचे मत काय व्हावे, ते त्यांना स्वतः भेटून ठरवू द्यावे. जुन्या पाळकांशी तुलनाही त्यांच्या कानावर पडेल अशी करू नये. स्तुती करतानाही नाही. ‘आधीच्यांपेक्षा तुमचा संदेश बरा’ असे ऐकणाऱ्याला एवढे नक्की समजते की उद्या आपल्याविषयीही असेच बोलले जाईल.

याच्याशीच जोडलेला एक नाजूक विषय आहे. जुन्या पाळकांशी आपला जिव्हाळा जडलेला असतो आणि मुलीचे लग्न त्यांनीच लावावे असे वाटते. इच्छा रास्त आहे, पण आधी नव्या पाळकांना विचारावे आणि निमंत्रण त्यांच्या संमतीने जावे. पत्रिका छापून झाल्यावर कळवणे म्हणजे विचारणे नव्हे. विवाहाची सूचना मंडळीत वाचणे आणि नोंदवहीतील नोंद ही कामे शेवटी नव्या पाळकांकडेच असतात, आणि अशा प्रसंगी राखलेला मान ते विसरत नाहीत.

पाळकांच्या कुटुंबाला पाळकांचे कार्यालय समजू नये. त्यांची पत्नी स्वतंत्र नोकरी करत असू शकते. महिला मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी घ्यावेच असे गृहीत धरण्याऐवजी त्यांना विचारावे. मुलांनी संडे स्कूलमध्ये आदर्श म्हणून वावरावे ही अपेक्षाही सोडावी. आता काही ठिकाणी पाळक स्त्रियाही आहेत. तिथे प्रश्न त्यांच्या यजमानांना न विचारता त्यांनाच विचारावेत. अनेक पाळक सोमवारी विसावा घेतात. मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर केव्हाही फोन करावा. दाखल्यावरच्या सहीसाठी मंगळवारपर्यंत थांबता येते.

संदेशाविषयी बोलायचे तर ‘छान झाला’ यापुढे जावे. कोणत्या वचनाने विचारात पाडले, कुठे समजले नाही, हे त्या आठवड्यात केव्हातरी सांगावे. आणि कामात सोबत करावी, कारण हंगामाच्या सणाला धान्याची पोती उचलताना किंवा नाताळात रात्री कॅरोलच्या मंडळींबरोबर गल्लीबोळ फिरताना जितके मोकळे बोलणे होते तितके बैठकीच्या खोलीत होत नाही. ज्या पाळकांकडे आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्याही आहेत, त्यांच्यासोबत एखाद्या रविवारी गाडीवर मागे बसून जावे.

पटले नाही असे काही घडले तर प्रथम त्यांनाच, एकांतात, ते घडले त्याच आठवड्यात सांगावे. त्याने मार्ग निघाला नाही तरच कमिटीकडे जावे, तेही लेखी आणि आपल्या नावाने. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर तो विषय काढू नये, आणि निनावी पत्र बिशपांकडे पाठवणे तर मुळीच नको.