मागे राहीन म्हणून घरी राहू नका: पहिल्या ट्रेकची तयारी

मी नाशिकला शिवणवर्ग चालवते आणि हिवाळ्यात रविवारी वर्गातल्या, ओळखीपाळखीच्या बायकांना घेऊन गडावर जाते. बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या, आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्या. का येत नाही असं विचारलं की सुट्टी, पैसे, मुलांच्या परीक्षा ही कारणं आधी येतात. थोडं बोलत बसलं की खरं कारण निघतं: ‘ताई, मला दम लागेल. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल.’ पडायची भीती, सापाकिरड्याची भीती त्याच्या नंतर. चारचौघांत मागे पडायची लाज माणसाला सगळ्यात जास्त अडवते, पुरुषांनाही. म्हणून बूट आणि सॅकच्या आधी वेगाबद्दल सांगते.

दुसऱ्या नंबरवर चाला

बहुतेक ग्रुपमध्ये दमाचे लोक झपाझप पुढे जातात आणि झाडाखाली जाऊन बसतात. मागची बाई धापा टाकत पोचते तेव्हा त्यांची विश्रांती झालेली असते. ते उठतात, निघतात. म्हणजे जिला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, तिला ती मिळतच नाही. दोन टप्पे असे गेले की ती मनातल्या मनात ठरवते, पुन्हा यायचं नाही.

यावर उपाय साधा आहे. सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती लीडरच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर. तिचा श्वास लीडरला ऐकू येतो आणि सगळ्यांचा वेग त्यावर ठरतो. शेवटी एक अनुभवी माणूस, ज्याच्या मागे कोणीच नाही. ग्रुपसोबत जायचं ठरवलं की फोनवर दोन गोष्टी विचारा: सगळ्यात शेवटी कोण चालतं, आणि शेवटचा माणूस पोचल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? उत्तर नीट आलं नाही तर दुसरा ग्रुप बघा. व्यावसायिक संस्था असेल तर नोंदणीही विचारा. 2021 साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी करायला सांगितली आहे.

चालताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटलं, तर वेग जास्त झालाय. पहिला अर्धा तास तर मुद्दाम हळू चाला, कारण सकाळच्या गारव्यात पाय आपोआप भरभर पडतात आणि त्याची वसुली पुढच्या चढावर होते. धाप लागायची वाट न बघता वीस-पंचवीस मिनिटांनी उभ्या उभ्या मिनिटभर थांबायचं. फतकल मारून बसलं की पाय जड होतात.

घरची तयारी म्हणजे जिना. सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास चढ-उतार. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर सॅक आणि तिच्यात पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. उतरणं टाळू नका. गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात, आणि सपाट रस्त्यावर कितीही चाललं तरी त्यांना उताराची सवय होत नाही. बीपी, शुगर, दमा किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना ‘डोंगर चढणार आहे’ असं स्पष्ट सांगून विचारा.

पहिला गड कोणता

नाशिककरांना मी रामशेज सांगते. शहरापासून पंधरा-एक किलोमीटर, पायथ्याला आशेवाडी. तासाभराची निवांत चढण, वाटेत रामाचं स्थान, वर कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी. 1682 साली मोगलांनी याला वेढा घातला आणि हा छोटासा गड काही वर्षं त्यांना दाद देत नव्हता. दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं, हा मोठा फायदा. पुण्याकडच्यांनी मळवली स्टेशनवरून लोहगड करावा, पायऱ्या आहेत आणि वाट चुकत नाही.

हरिहर पहिला नको. त्या कातळातल्या खड्या पायऱ्यांचे व्हिडिओ बघून पुष्कळ जणींना तिथेच जायचं असतं, पण रविवारी त्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. घाबरलेल्या माणसाला तिथे थांबायलाही जागा नसते. पावसाळाही पहिल्या खेपेला नको, एप्रिल-मे तर नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडताच सुरुवात, माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं.

कपडे

हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर. चांगले कपडे नाहीत म्हणून न येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दुकानातली महागडी ट्रेकपँट लागत नाही, पण घेरदार सलवारही चालत नाही. मोहरी, म्हणजे सलवारीची खालची कड, शिडीच्या पायरीत अडकते आणि घेर पायात येतो. त्यापेक्षा घरातली सरळ शिलाईची ट्रॅकपँट घ्या आणि ती उलटी करून मांडीच्या आतली शिवण बघा. तिथे जाड, टोचणारी इंटरलॉकची कड असेल तर दोन तासांत मांड्या घासून लाल होतात आणि तिसऱ्या तासाला चालणं नकोसं होतं. ती कड बसकी करून वरून एक टीप मारून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, आखूड असेल तर उंच पायरीला पाय उचलत नाही. घालून खुर्चीवर पाय ठेवून बघा, ओढ बसली तर खाली चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, लावा. ओढणी घरी ठेवा. अंगात सुती कुर्त्याऐवजी लवकर वाळणारा टी-शर्ट, कारण घामाने भिजलेलं सुती कापड माथ्यावरच्या वाऱ्यात गारठवतं.

बूट मात्र नवे घ्या. हजार-दीड हजारात खोल खाचांचा तळ असलेले देशी बूट मिळतात, सह्याद्रीच्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावर, ते पुरतात. पंधरा दिवस घरात, बाजारात वापरा, नाहीतर पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो.

ज्याबद्दल कोणी विचारत नाही

लघवीला कुठे जायचं, या एका प्रश्नापायी बायका पाणी पीत नाहीत, आणि पाणी न प्यायल्याने चक्कर येते. हे सरळ बोलायचं. पायथ्याच्या गावात जिथे चहा घेता, त्या घरातल्या बाईला विचारा, आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. वरती दोघींनी मिळून जायचं, टाक्यांपासून आणि पाण्याच्या वाटेपासून लांब. पाळी असेल तर जास्तीचे पॅड, जुना पेपर आणि झिपची पिशवी सोबत. वापरलेलं सगळं त्या पिशवीतून घरी आणायचं, डोंगरात काही टाकायचं नाही.

घरच्यांना कसं सांगायचं

‘जाऊ का?’ असं विचारू नका. कागदावर लिहून द्या: कोणता गड, पायथ्याचं गाव कोणतं, सोबत कोण, त्यातल्या दोघांचे नंबर, वर रेंज नसेल ती वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. माझ्या सासूबाई हा कागद फ्रीजवर लावून ठेवतात. रेंज नसणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून फोन लागला नाही तरी घरात रडारड होत नाही. संकटात 112 लावायचा, हेही त्यावर लिहा.

शिडी

दोन-तीन सोपे गड झाले, मधे नाशिकजवळचं अंजनेरी झालं, की कळसूबाई. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. घोटीवरून भंडारदऱ्याच्या रस्त्याला बारी गाव लागतं, तिथून चढायला तीन-चार तास. वाटेत कातळाला लोखंडी शिड्या लावल्यात आणि उंचीची भीती असलेल्या बायका नेमक्या तिथे थांबतात.

ती भीती ‘काही होत नाही’ म्हणून जात नाही. तिला काम द्यावं लागतं. शिडीकडे तोंड, नजर स्वतःच्या हातांवर. दोन हात, दोन पाय, या चारांतले तीन कायम शिडीवर. एक हात हलला तर बाकी काही हलवायचं नाही. मोबाईल सॅकमध्ये. खालच्या पायरीवर ओळखीची व्यक्ती, जी फक्त एवढंच बोलेल: ‘उजवा पाय वर. आता हात.’ उतरतानाही शिडीकडेच तोंड ठेवायचं, पाठ करून उतरू नका. मागच्यांनी घाई केली तर लीडरने त्यांना थांबवायचं, ते त्याचं काम आहे. एका शिडीखाली आमच्यातली एक जण बराच वेळ नुसती उभी होती. वरून उतरणारी बारीची एक म्हातारी, अनवाणी, नऊवारीतली, तिला म्हणाली, ‘बस वाईच. आई कुठं जात न्हाई.’ आई म्हणजे माथ्यावरची कळसूबाई देवी. बसली, पाणी प्यायली आणि मग चढली.

घसाऱ्यावर उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, पूर्ण तळवा जमिनीवर. आणि निघायच्या आधीच परत फिरायची वेळ ठरवा. बारीहून सहाला निघालात तर साडेअकरा. माथा समोर दिसत असला तरी त्या वेळेला वळायचं, उतरणीला उजेड आणि पायात जोर दोन्ही शिल्लक हवेत.

पैशाचं थोडक्यात: एसटी, घरचा डबा, पायथ्याच्या गावात चहा-भाकरी. सिनेमा आणि हॉटेलातल्या जेवणापेक्षा जास्त खर्च होत नाही.

हिमालय

कळसूबाई दोनदा त्रास न होता झाली की हिमालयाचा विचार करायला हरकत नाही. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे ट्रेक खिशाला परवडतात. उत्तराखंडात सांक्रीहून होणारा केदारकंठा बरेच जण पहिला निवडतात, माथा 3800 मीटरच्या आसपास. तिथे थंडी आणि विरळ हवा या दोन नव्या गोष्टी. अडीच हजार मीटरच्या वर घाईने चढणाऱ्या धडधाकट पोरांनाही डोकेदुखी, मळमळ होते, हळूहळू उंची गाठणाऱ्याला ती होण्याची शक्यता कमी. तरी डोकं दुखायला लागलं की लगेच लीडरला सांगा, गोळी घेऊन लपवू नका. दुखणं थांबेपर्यंत आणखी वर जायचं नाही, आणि वाढलं तर त्याच दिवशी खाली उतरायचं.