मलाचा रंग बदलल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

सकाळची लोकल गाठायची असली की शौचाला मोजकी मिनिटे मिळतात आणि फ्लश दाबण्यापूर्वी मलाकडे पाहण्याची सवय ठाणेकरांपैकी फार थोड्यांना असते. ज्यांना ती असते तेही वेगळा रंग दिसल्यावर एखादे सोयीचे कारण शोधून विषय मिटवतात, आणि पुढच्या बहुतेक चुका या एका घाईतून जन्माला येतात. पित्तातील बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्यावर आतड्यातील जिवाणू प्रक्रिया करतात, त्यातून मलाला नेहमीचा तपकिरी रंग येतो. पालकाच्या भाजीनंतर किंवा जुलाबात अन्न भराभर पुढे सरकल्यामुळे तो हिरवट दिसला, तर सहसा काळजीचे कारण नसते. काळा, लाल आणि पांढुरका या तीन रंगांकडे मात्र दुर्लक्ष करू नये.

काळ्या रंगाबाबतची चूक सर्वांत महागात पडते. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात रक्तस्राव झाला की ते रक्त खाली येईपर्यंत पचून काळे पडते आणि मल डांबरासारखा काळा, चिकट व उग्र वासाचा होतो. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळपट होतो, पण त्याला तो चिकटपणा आणि तो वास नसतो. आता हा क्रम पाहा : कंबरदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या जातात, जठरात व्रण (अल्सर) होतो, थोडे थोडे रक्त जात राहते, थकवा येतो, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यानंतर दिसणाऱ्या काळ्या रंगाचे खापर त्या गोळ्यांवरच फोडले जाते. पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीच्या शरीरातील लोह कमी झाले असेल, तर ते कोठून जात आहे याचा शोध न घेता केवळ गोळ्या घेत राहणे म्हणजे गळकी टाकी भरत बसण्यासारखे आहे. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असल्यास काळा मल दिसताच डॉक्टरांना गाठावे; गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. काळ्या मलाबरोबर चक्कर, घाम किंवा छातीत धडधड असेल, तर मुंबईतील ओळखीच्या डॉक्टरांकडे जाण्यासाठी घोडबंदर रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकून न पडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळचे रुग्णालय गाठावे.

लाल रंग दिसला की ‘मूळव्याध असेल’ हे उत्तर तयार असते, आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती त्याला दुजोराच देतात. मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) हे कारण खरोखरच वारंवार आढळते. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त जाते, आणि मूळव्याध आहे म्हणून दुसरे काही नाही असे सिद्ध होत नाही. आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर खाल्ली असेल, तर दोन-तीन दिवस बीट टाळून पाहणे योग्य ठरते. तरीही लाली राहिली, किंवा शौचाच्या सवयीत बदल झाला अथवा वजन घटले, तर तपासणी लांबवू नये.

पांढुरका, मातकट मल म्हणजे पित्त आतड्यात पोहोचत नसल्याची खूण होय. पित्तनलिकेत अडकलेला खडा किंवा स्वादुपिंडातील गाठ ही त्याची कारणे असू शकतात, आणि सोबत गडद लघवी, अंगाला खाज व पिवळे डोळे असतील तर काविळीच्या गावठी औषधात आठवडे घालवणे धोक्याचे आहे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर दिवस मोजावे लागतात : कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि शी फिकट होत असेल, तर पित्तनलिका जन्मतः बंद असण्याची शक्यता तपासावी लागते, कारण त्यावरची शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाल्यास यश मिळण्याची शक्यता अधिक असते. ‘उन्हात ठेवा, जाईल कावीळ’ हा शेजारचा सल्ला येथे उपयोगाचा नाही.

डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणाऱ्या मलचाचणीतही चुका होतात. कमोडमधल्या पाण्यात पडलेला, विशेषतः निळी वडी लावलेल्या टाकीच्या पाण्यातला नमुना देऊ नये. तो कोरड्या, स्वच्छ डबीत घ्यावा आणि त्यात लघवी मिसळू देऊ नये. मूळव्याधीतून रक्त येत असताना किंवा पाळीच्या दिवसांत ही चाचणी करू नये. ‘फिट’ नावाची चाचणी मुख्यतः मोठ्या आतड्यातील रक्त ओळखते, त्यामुळे ती निर्दोष आली म्हणून जठराचा व्रण नाही असे ठरत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर ‘पुन्हा एकदा करून पाहू’ म्हणणे ही तर सरळ चूकच आहे, कारण गाठीतून रक्त रोज येईलच असे नाही; त्यापुढची पायरी कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून तपासण्याचीच असते. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी सरसकट राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम नसल्याने बोलावणे येईल याची वाट पाहू नये. अमेरिकेतील शिफारस २०२१ पासून वयाच्या ४५ व्या वर्षी तपासणी सुरू करण्याची आहे, आणि आई, वडील किंवा भावंडांना हा कर्करोग झाला असल्यास त्याहून लवकर सुरुवात करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

कोलोनोस्कोपी ठरल्यावर पोट साफ करण्याचे औषध अर्धे टाकून दिले, तर आतड्याचा काही भाग दिसत नाही आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. आदल्या दिवशी पातळ पदार्थ चालतात म्हणून कोकम सरबत पिऊ नये, कारण त्याची लाली दुर्बिणीत रक्तासारखी दिसू शकते. गुंगीचे इंजेक्शन दिले जाणार असल्यास घरी नेण्यासाठी कोणाला तरी सोबत न्यावे आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये.