दम लागतो, पण रिपोर्ट नॉर्मल: फुप्फुसांच्या तपासणीत या चुका टाळा

जुना खोकला किंवा दम घेऊन बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याहून सोलापूरला तपासायला येणाऱ्याच्या पिशवीत दोन-तीन एक्स-रे असतात, रक्ताचे कागद असतात, अँटिबायोटिकच्या अर्ध्या पट्ट्या असतात. नळीत फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, मात्र बऱ्याचदा एकदाही झालेली नसते. मग ‘एक्स-रे चांगला आहे, तुम्हाला काही नाही’ असं ऐकून माणूस घरी जातो आणि जिना चढताना पुन्हा धापा टाकतो.

प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते. फुप्फुस दिसतं कसं, हे एक्स-रे सांगतो. हवा किती वेगाने बाहेर पडते, हे स्पायरोमेट्री. जंतू आहे का, हे बेडका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फक्त त्या क्षणापुरता बोलतो. दम्यात आणि सीओपीडीत (धुराने-धुळीने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात) एक्स-रे पूर्ण स्वच्छ येऊ शकतो, कारण बिघाड श्वासनळ्यांच्या रुंदीत असतो आणि तो फिल्मवर उमटत नाही.

‘घरीच असते’ हे उत्तर

काय काम करता, असं विचारल्यावर विड्या वळणारी बाई ‘घरीच असते’ म्हणते. तिच्या दृष्टीने ते खरंच आहे. पण तंबाखूची बारीक धूळ रोज त्याच खोलीत उडते, तिथेच स्वयंपाक होतो, हे डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. ‘कारखान्यात आहे’ एवढंही पुरत नाही. सूत, लूम की रंगखातं, हे सांगा. कापसाच्या धुळीचा आजार पिंजण आणि कताईत जास्त होतो, विणकामात त्या मानाने कमी. त्याची खूण अशी: सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे आठवडाभर त्रास कमी होत जातो. टॉवेल-चादरीच्या रंगखात्यातल्या काही रंगांनी होणारा दमा उलटा वागतो. आठवडा सरतो तसा तो वाढतो आणि सुट्टीत हलका पडतो. म्हणून ‘सुट्टीत कसं वाटतं?’ या प्रश्नाचं उत्तर आठवून जा, त्यातून बरंच कळतं.

साखर कारखान्यात बुरशी आलेल्या बगॅसजवळ (उसाच्या चिपाडाजवळ) काम असेल, घराच्या गॅलरीत कबुतरं असतील, तर तेही सांगा. अशा धुळीने चार-आठ तासांनंतर ताप, खोकला, दम असा त्रास होतो. संध्याकाळी ताप आला की सकाळच्या ढिगाऱ्याशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही, आणि दरवेळी ‘न्यूमोनिया झाला’ म्हणून औषध सुरू होतं.

विडी-सिगारेट ‘कधीतरी’ असं सांगू नका. दिवसाला किती आणि किती वर्षं, हे दोन आकडे द्या. चुलीपुढे किती वर्षं गेली, हेही. सीओपीडी फक्त ओढणाऱ्यालाच होतो, हा समज घेऊन कितीतरी आज्या ‘वयामुळे दम लागतो’ यावर समाधान मानतात.

चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, डोळ्यांचे थेंबसुद्धा. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनी दमा उसळतो. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन आणि सांधेदुखीचं मेथोट्रेक्सेट क्वचित थेट फुप्फुसाला इजा करतात.

एक्स-रे काढताना

पूर्ण श्वास आत घेऊन रोखायचा असतो. अर्ध्या श्वासात काढलेल्या फिल्मवर हृदय मोठं आणि फुप्फुसांचा तळ धुरकट दिसतो, मग नसलेल्या आजाराचा पाठलाग सुरू होतो. गळ्यातलं सगळं काढा. वेणी वर बांधा, कारण खांद्यावरून पुढे आलेल्या वेणीची सावली फुप्फुसाच्या टोकावर पडते आणि टीबीचे डाग नेमके तिथेच शोधतात. जुन्या फिल्म टाकून देऊ नका. पाच वर्षांपूर्वीही तसाच असलेला डाग आणि या वर्षी नव्याने आलेला डाग यांचा अर्थ अगदी वेगळा. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो घाईत ठीक, निदानाला नाही. बारीक रेषा त्यात हरवतात.

बेडका म्हणजे लाळ नव्हे

दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर टीबीसाठी बेडका तपासायचा, हा देशभराचा नियम आहे. नमुने दोन: एक जागेवर दिलेला, एक सकाळी उठल्या उठल्या. लाजेने किंवा घाईने डबीत फेसाळ लाळ टाकली की ‘निगेटिव्ह’ येतं आणि सगळे निर्धास्त होतात.

काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, शेवटचा थोडा रोखा आणि पोटातून खोका. जे घट्ट, चिकट, पांढरट-पिवळं येतं ते हवं, निदान २ मिली. हे मोकळ्या हवेत करा, बंद न्हाणीघरात नको, नाहीतर खोकल्याचे तुषार तिथेच कोंडून राहतात. झाकण घट्ट लावा. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, कारण झाकणं बदलतात. त्याच दिवशी पोचवा आणि गार ठेवा. मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी तापलेल्या डबीत इतर जंतू माजतात, आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) लावलेला असा नमुना वाया जातो.

सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० लागतात. सीबीनॅट (जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची तपासणी) त्याहून कितीतरी कमी जंतू पकडतं, दोनेक तासांत उत्तर देतं आणि रिफाम्पिसिन हे औषध चालेल की नाही तेही सांगतं. त्यामुळे स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही, असं म्हणता येत नाही. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत आहे. चौकशीसाठी १८००-११-६६६६ हा क्रमांक आहे. बेडका येतच नसेल तर खारट पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो, नाहीतर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून नमुना घेणं. टीबीच्या निदानासाठी रक्तातल्या अँटिबॉडी तपासायच्या किटवर भारतात २०१२ पासून बंदी आहे, तरी ‘रक्तातून टीबी पाहू’ हे वाक्य अजून कानावर येतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच: नमुना देण्याआधी दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिन आणून खाणं. हे औषध टीबीच्या जंतूंवरही काम करतं. आठवडाभर बरं वाटतं, नमुना निगेटिव्ह येतो, महिन्याभराने आजार पुन्हा डोकं वर काढतो, आणि तोवर ते औषध टीबीवर बोथट होण्याचा धोका वाढलेला असतो.

स्पायरोमेट्री: तीन सेकंदांत थांबलात तर

ही तपासणी यंत्रापेक्षा फुंकणाऱ्यावर आणि फुंकवून घेणाऱ्यावर जास्त अवलंबून आहे. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती आवळायचे, एकदम स्फोटासारखं फुंकायचं आणि आत काही उरलं नाही असं वाटलं तरी फुंकत राहायचं. मोठ्या माणसाला बहुधा किमान ६ सेकंद लागतात, सीओपीडीत १५ पर्यंत.

लवकर थांबलं की काय होतं ते समजून घ्या. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफईव्ही-१, पूर्ण फुंकलेली हवा म्हणजे एफव्हीसी. पंप (श्वासातून ओढायचं औषध) घेतल्यानंतरही पहिलीला दुसरीने भागून ०.७० पेक्षा कमी आलं तर नळ्या अरुंद आहेत. समजा पहिल्या सेकंदात १.५० लिटर आले आणि पूर्ण फुंकलं तर २.५० लिटर येतात. गुणोत्तर ०.६०, म्हणजे आजार पकडला. तोच माणूस तिसऱ्या सेकंदाला थांबला आणि एकूण २.०० लिटरच आले, तर गुणोत्तर ०.७५. खरा सीओपीडी कागदावरून गायब!

इतर बारकावे: उंची चपला काढून मोजा, कारण अपेक्षित आकडे उंची, वय आणि लिंगावरून निघतात. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून मापतात. परकराची नाडी, पट्टा सैल करा. पोट तुडुंब भरून जाऊ नका. तासभर आधी विडी नको, धावपळ नको. तीन चांगले प्रयत्न लागतात आणि त्यातले सर्वोत्तम दोन एकमेकांपासून १५० मिलीच्या आत हवेत. एकाच फुंकेवर दिलेल्या कागदावर विसंबू नका. अलीकडे हार्ट अटॅक, डोळ्याचं ऑपरेशन किंवा बेडक्यातून रक्त असं काही झालं असेल तर आधीच सांगा, कारण जोर लावणं धोक्याचं ठरू शकतं.

पहिलं निदान करायचं असेल तर डॉक्टर पंप थांबवायला सांगतात: साल्ब्युटामॉल ४ ते ६ तास, फॉर्मोटेरॉलसारखे लांब पल्ल्याचे २४ तास, टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास. औषध लागू पडतंय का पाहायचं असेल तर मुद्दाम चालूही ठेवतात, म्हणून विचारल्याशिवाय बंद करू नका. मध्येच दम लागला तर पंप घ्या आणि वेळ लिहून ठेवा. एका फेरीनंतर साल्ब्युटामॉलचे चार झटके, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, देऊन साधारण १५ मिनिटं थांबतात. पाच मिनिटांत उरकलं तर फरक दिसत नाही. रूढ निकषात एफईव्ही-१ मधली वाढ १२ टक्के आणि २०० मिली, दोन्ही हवी. १.५० लिटरचे १.७४ झाले तर १६ टक्के आणि २४० मिली, म्हणजे नळ्या औषधाने उघडल्या. ०.९० चे १.०२ झाले तर १३ टक्के होतात खरे, पण वाढ १२० मिलीच आहे. आता काही केंद्रं अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ हा नवा निकष लावतात. तुमच्या कागदावर कोणता आहे ते पाहून घ्या.

दमा लपाछपी खेळतो. दुपारी तपासलं तर सगळं ठीक, पहाटे तीनला शिट्ट्या. अशा वेळी पीक फ्लो मीटर (फुंकेचा वेग मोजणारं छोटं यंत्र) घरी न्या. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, औषधाआधी, उभं राहून तीनदा फुंका आणि सर्वात मोठा आकडा लिहा. सकाळी ३०० आणि संध्याकाळी ३८० असेल तर फरक ८०, सरासरी ३४०, म्हणजे साडेतेवीस टक्के. मोठ्यांत रोजच्या अशा फरकाची दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांवर गेली की दम्याची शंका पक्की होत जाते.

बोटावरचा आकडा

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं बसा, हात गरम करा, नेलपॉलिश आणि काळी मेंदी नसलेलं बोट निवडा. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. दम्याच्या झटक्यातही सुरुवातीला ९६ दिसू शकतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्याला कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली तरी आकडा छान येतो, कारण या यंत्राला तो वायू आणि प्राणवायू वेगळे ओळखता येत नाहीत. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईलाही ९८ दिसेल आणि धापही लागेल.

दम म्हणजे फुप्फुसच, असंही नाही. आडवं पडल्यावर दम वाढून उठून बसावं लागत असेल, पायांना सूज असेल, तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदय पाहतात. फुप्फुसांच्या तळाशी वेल्क्रो उघडल्यासारखा आवाज आला तर एचआरसीटी (फुप्फुसाचे अगदी पातळ काप दाखवणारा सीटी) लागतो, साधा सीटी पुरत नाही. तो आवाज पाठीला थेट स्टेथोस्कोप लावूनच ऐकू येतो, शर्टावरून नाही.

वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, गुंगी येते किंवा आकडा ९० च्या खाली आहे, अशा वेळी तपासणीच्या रांगेत उभं राहू नका, १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला बसतं ठेवा. पंप असेल तर स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) साल्ब्युटामॉलचे चार झटके एकेक करून द्या, २० मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा चार. जुन्या सीओपीडीच्या माणसाच्या घरी ऑक्सिजन असेल तर नळ पूर्ण सोडू नका. अशा रुग्णात ८८ ते ९२ एवढंच धरतात.