पीएचपीतून क्वेरी चालवताय? या चुका टाळा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एखाद्या अडत्यासाठी तुम्ही संत्र्याच्या आवकेची साइट बनवली. सर्चमध्ये कुणी डि'सूझा असं नाव टाकलं आणि पानभर सिंटॅक्स एरर आली. अशा वेळी बरेच जण नावातलं ते चिन्हच गाळून मोकळे होतात. दुखणं वेगळंच आहे. माणसाने टाइप केलेला मजकूर तुमच्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात (क्वेरीत), जाऊन मिसळतोय. आज नुसती एरर आली, उद्या कुणी मुद्दाम काहीतरी टाकेल.

अवतरणासारखी चिन्हं निष्प्रभ करणाऱ्या एस्केप फंक्शनवर भिस्त ठेवू नका. ते फक्त अवतरणचिन्हांच्या आतल्या मजकुरापुरतं कामाचं. आयडी आकडा आहे म्हणून क्वेरीत अवतरणाशिवाय जोडला आणि कुणी लिंकमध्ये '५ ऑर १=१' (५ किंवा १ बरोबर १, म्हणजे नेहमीच खरं) लिहिलं, तर त्यात एस्केप करण्यासारखं काहीच नसतं; एकाची हिशेबपट्टी मागितली तर सगळ्यांच्या बाहेर येतात.

उपाय जुनाच: क्वेरीत किमतीच्या (भरायच्या मजकुराच्या किंवा आकड्याच्या) जागी प्रश्नचिन्ह ठेवा, प्रिपेअरने क्वेरीचा साचा आधी तयार करा, किंमत तो चालवणाऱ्या एक्झिक्यूटला वेगळी द्या. पण प्रिपेअरच्या आतच व्हेरिएबल टिंब देऊन जोडणारे महाभाग कमी नाहीत. त्याला प्रिपेअर म्हणत नाहीत, देखावा म्हणतात.

यानंतरच्या अडचणी मात्र खऱ्या डोकं खाणाऱ्या. पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) मायएसक्यूएल या डेटाबेससोबत मूळ सेटिंगमध्ये प्रिपेअरची नक्कल करतो, म्हणजे किमती स्वतःच क्वेरीत भरून पाठवतो, आणि एक्झिक्यूटला ॲरेतून दिलेली प्रत्येक किंमत स्ट्रिंग (मजकूर) धरतो. म्हणून किती ओळी हव्यात ते सांगणाऱ्या लिमिटच्या जागी १० जात नाही, '१०' जातं आणि क्वेरी अडते. बाइंडव्हॅल्यू वापरून प्रकार इंटिजर (पूर्णांक) सांगा, नाहीतर ती नक्कल बंद करा.

क्रम लावणाऱ्या ऑर्डर बायमध्ये प्रश्नचिन्ह ठेवलंत तर एररही येत नाही. कॉलमचं नाव साधी स्ट्रिंग म्हणून जातं, क्रम लागतच नाही, आणि तुम्ही अर्धा दिवस जावास्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसता. कॉलमची आणि टेबलची नावं बाइंड होत नाहीत. भाव, वजन, तारीख अशी ठरलेली यादी कोडमध्ये ठेवा. आलेलं नाव तिच्यात असेल तरच घ्या.

किमतींची यादी घेणाऱ्या इनचंही तसंच. एका प्रश्नचिन्हात '३,७,९' दिलं तर आकड्यांच्या कॉलमशी तुलना करताना मायएसक्यूएल पहिला ३ तेवढा उचलतं. एकच ओळ येते, तीही बिनबोभाट. जितक्या किमती तितकी प्रश्नचिन्हं.

मराठी नावांऐवजी ???? दिसत असेल तर कनेक्शनमध्येच कॅरसेट (अक्षरसंच) यूटीएफ८एमबी४ लिहा. साइटला डेटाबेसचा सर्वाधिकारी रूट युजर देऊ नका. एरर लॉगमध्ये जाऊ द्या, ग्राहकाच्या पडद्यावर नको. पीएचपी ८.० पासून चूक झाली की पीडीओ आपणहून एक्सेप्शन फेकतो. त्याआधीच्या सर्व्हरवर ते सेटिंग तुम्हालाच करावं लागतं, नाहीतर क्वेरी गुपचूप फसते.

कुणाचं जुनं काम हाती आलं आणि त्यात मायएसक्यूएल अंडरस्कोर क्वेरी (mysql_query) दिसली, तर डागडुजीत वेळ घालवू नका. mysql_ ने सुरू होणारी ती जुनी फंक्शनं २०१५ च्या पीएचपी ७.० मध्येच काढून टाकली आहेत. थेट पीडीओत लिहायला घ्या, आणि सुरुवात लॉगिनच्या पानापासून करा.