स्वतःचं कॅरेक्टर वर्षानुवर्षं सांभाळायचं असेल तर

इलस्ट्रेशनमध्ये नवीन येणारी मुलंमुली मला कायम विचारतात की मॅस्कॉट डिझाइन, म्हणजे एखाद्या ब्रँडची ओळख होणारं कॅरेक्टर काढणं, कुठे शिकायचं, कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं. सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका, क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर सुरू करा. मला सांगायचंय ते पुढचं, म्हणजे एखादं कॅरेक्टर मनापासून आपलं झालं की ते आपल्याकडे राहतं कसं.

माझी दोन आहेत. ढब्बू नावाचं रेडकू आणि त्याच्या पाठीवर बसणारा दांडेकर, हा गायबगळा. कॉलेजात वहीच्या मागच्या पानावर आले ते अजून आहेत, मधे नोकऱ्या बदलल्या, शहर बदललं, कागद जाऊन टॅब आला, ही जोडी कुठे गेली नाही. ढब्बूला आधी मोठे पांढरे डोळे आणि भुवया होत्या. गावाकडे गोठ्यात बसून खऱ्या रेडकांची स्केचेस करायला लागले तेव्हा दिसलं की रेडकू चेहऱ्याने फार काही सांगतच नाही, सगळं कान सांगतात. मग हळूहळू भुवया गेल्या, डोळ्यांतला पांढरा रंग गेला, नुसते दोन ठिपके राहिले. आता डावा कान पडला की ढब्बू रुसलाय, दोन्ही आडवे असले की निवांत आहे, आणि एकच मागे वळला की दांडेकर वर बसून काहीतरी ऐकवतोय. दांडेकरचंही तसंच, गायबगळा एरवी पांढराशुभ्र पण विणीच्या दिवसांत डोक्यावर, छातीवर, पाठीवर नारिंगी पिसं येतात, म्हणून पावसाळा लागला की माझा दांडेकर नारिंगी होतो आणि तेवढे दिवस जरा भाव खातो.

हे कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही, काढत राहिल्यावरच मिळतं. टर्नअराउंड करा, म्हणजे कॅरेक्टर सगळ्या बाजूंनी काढा, एक्स्प्रेशन शीट करा, म्हणजे त्याचे वेगवेगळे हावभाव एका पानावर काढा, सगळं काळं भरून नुसत्या आकारावरून ओळखू येतंय का ते बघा, हे सगळं लागतंच. पण शीट झाली की फाइल बंद करून पुढच्या डिझाइनकडे पळू नका. त्याला एसटीच्या रांगेत उभं करा, लाइट गेल्यावर काय करतो ते काढा, त्याला ताप आणा. पोर्टफोलिओत जायची गरज नाही त्याची. अमेरिकन व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांची पीनट्स ही चार्ली ब्राउन आणि स्नूपीची चित्रपट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली, शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० ला छापून आली, आणि मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत रेषा, शाई, अक्षरं सगळं स्वतःच्या हाताने केलं. अगदी सुरुवातीचा स्नूपी बघा, चार पायांवर चालणारं साधं कुत्र्याचं पिल्लू आहे ते. तो दोन पायांवर उभा राहिला, घराच्या छपरावर झोपायला लागला, ते काढता काढताच.

आणि एकटं कॅरेक्टर लवकर थकतं असं माझं मत आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१ मध्ये सकाळमध्ये आला, तो आठवताना मिनी, पप्पू, बगळ्या सगळे सोबत आठवतात की नाही? सोबतीला कोणीतरी द्या, स्वभाव आपोआप बाहेर येतो.

आता पैशाचा आणि हक्काचा भाग, हा नीट वाचा. आर. के. लक्ष्मण यांचंच बघा. चौकड्याचा कोट आणि धोतरातला कॉमन मॅन त्यांनी १९५१ पासून टाइम्स ऑफ इंडियात काढला, तो त्यांच्या नावाशी असा जोडला गेला की पुण्यात सिंबायोसिसमध्ये आणि वरळी सी फेसला त्याचे पुतळे उभे राहिले. त्याच हाताने १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी गट्टू काढला, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला खट्याळ पोरगा, तोही घराघरात पोचला, पण तो कंपनीचा मॅस्कॉट होता आणि पुढे कंपनीनेच त्याला बाजूला ठेवलं. दोन्ही कामं उत्तमच. फक्त आपण कॉमन मॅन काढतोय की गट्टू, हे पहिली रेघ मारायच्या आधी माहीत पाहिजे.

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की नोकरीत कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणून ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या मशीनवर आपलं लाडकं कॅरेक्टर काढू नका. फ्रीलान्स असाल तर करारात मुदत, प्रदेश आणि वापर तिन्ही लिहून घ्या. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, पण क्लायंटचे कागद बहुतेक वेळा कायमसाठी असंच लिहून येतात, तिथेच थांबा. मला एका दुधाच्या ब्रँडने ढब्बू विकत मागितला होता, रक्कम खरंच चांगली होती. मी नाही म्हटलं आणि त्यांच्यासाठी दुसरी म्हैस नव्याने बनवून दिली, तिचे सगळे हक्क दिले, ते खूश आणि मीही खूश. त्या म्हशीवर मी मन लावूनच काम केलं, पण ती त्यांची, तिला मी आता हात लावत नाही.

कॅरेक्टरवरून माल काढायला सुरुवात करायची तर स्टिकरपासून करा. व्हॉट्सॲपच्या स्टिकरला ५१२ बाय ५१२ पिक्सेलची वेबपी (WebP) प्रकारची चित्राची फाइल लागते, स्थिर स्टिकर १०० केबीच्या आत, एका पॅकमध्ये कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३०. लोक बोलतात तेच घ्या, जेवलीस का, पोचले, आलोच, बघू नंतर. फोनवर ते बोटाएवढं दिसतं, तेव्हा बारीक रेषा उडून जातात, मी ढब्बूचे कान स्टिकरसाठी मुद्दाम मोठे आणि बाहेरची रेघ जाड करते, बाजूने पांढरी कड सोडते म्हणजे डार्क मोडमध्ये काळं रेडकू गायब होत नाही. पॅक बाहेर द्यायच्या आधी मूळ लेयर, म्हणजे चित्राचे सुटे थर, असलेल्या फाइल्स तारखेसकट दोन ठिकाणी ठेवा, आणि पहिली रफ स्केचेस, कितीही वाकडी असली तरी, टाकू नका.