इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेला जाताना वर्गातला एक प्रश्न सोबत न्या

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. पहिल्यांदा हैदराबादला परिषदेला गेले, तेव्हा दोन दिवसांत ११ सत्रं ऐकली, वही भरली, प्रमाणपत्र घेतलं आणि देवगिरी एक्सप्रेसने परत आले. सोमवारी वर्गात उभी राहिले तर त्या वहीतलं काय वापरावं तेच कळेना. दुसऱ्या वेळी एकच प्रश्न घेऊन गेले आणि त्याचं उत्तर घेऊन आले. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या शिक्षकांना मी सांगते, बॅग भरायच्या आधी प्रश्न लिहा.

‘मुलांचं इंग्रजी कसं सुधारावं?’ हा प्रश्न चालणार नाही, त्यावर कुणीही काहीही सांगेल. माझा प्रश्न असा होता: मी काही विचारलं की तीच चार मुलं हात वर करतात, मागच्या दोन रांगा गप्प, तर काय करू? खाली पट किती, पाठ कोणता आणि आजवर काय करून पाहिलं, हेही लिहा. एक पान पुरतं.

परिषदा कुठे होतात यावर वर्षभर लक्ष ठेवावं लागतं. एल्टाय ही भारतातल्या इंग्रजी शिक्षकांची १९७४ सालापासूनची संघटना, तिची वार्षिक परिषद असते. एनेट हे इंग्रजी शिक्षकांचं देशभराचं जाळं आहे. १९६७ साली सुरू झालेल्या आयाटेफल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची परिषद ब्रिटनमध्ये दरवर्षी भरते. तिथे जाण्यासाठी शिष्यवृत्त्या असतात, पण अर्जाची मुदत परिषदेच्या बरेच महिने आधी संपते. सभासदांना नोंदणी शुल्कात बहुतेक ठिकाणी सवलत असते, लवकर नोंदणी केली तर आणखी.

परवानगीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे महिनाभर आधी द्या. सोबत परिषदेचं माहितीपत्रक जोडा. कर्तव्यरजा मिळाली तर उत्तम, नाहीतर किरकोळ रजा शिल्लक ठेवलेली असू द्या.

आता सत्रांचं. एकाच वेळी पाच-सहा खोल्यांत सत्रं चालू असतात, आणि सवयीने आपण सगळ्यात मोठ्या नावाकडे वळतो. बीजभाषण, म्हणजे परिषदेचं मुख्य भाषण, जरूर ऐका. त्यानंतर मात्र वेळापत्रकावर पेन्सिल घेऊन बसा आणि शीर्षकाऐवजी गोषवारा वाचा. ज्या गोषवाऱ्यात इयत्ता, पट आणि प्रत्यक्ष केलेली कृती दिली आहे, तिथे जा. दिवसाला चार सत्रं पुष्कळ झाली. मधला एक तास पोस्टरसाठी, म्हणजे शिक्षकांनी आपलं काम मोठ्या कागदावर मांडून लावलेलं असतं त्यासाठी, ठेवा. तिथे माणूस आपल्या कामाशेजारी उभा असतो, त्याला निवांत विचारता येतं.

माझं उत्तर मला पोस्टरपाशीच मिळालं. आसामातल्या एका शिक्षिकेने माझा कागद वाचला आणि विचारलं, “प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?” मला सांगता येईना. मग तिने मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम समजावलं. शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात, किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलू लागतात. रो यांचं निरीक्षण विज्ञानाच्या तासांचं होतं. परक्या भाषेत मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा, मग मनात वाक्य जुळवायचं, तिथे तर ही सवड आणखीच हवी. बीजभाषणाइतकीच ही दहा मिनिटं मला मोलाची वाटतात.

इंग्रजी बोलताना अडखळेन, या भीतीने जिल्हा परिषदेचे बरेच शिक्षक जेवणाच्या वेळी आपल्याच गावच्या लोकांत बसतात. तसं करू नका. अनोळखी टेबलावर जा, “तुम्ही कोणत्या इयत्तेला शिकवता?” एवढंच विचारा. मोठ्या पटाचा, मिश्र वर्गाचा अनुभव आपल्याकडे आहे आणि तो ऐकायला लोक उत्सुक असतात.

रोज रात्री झोपण्यापूर्वी वहीत तीनच ओळी लिहा: काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, आणि कोणत्या पाठात वापरणार.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट करून पाहा. मी सहावीत प्रश्न विचारून मनात पाचपर्यंत मोजू लागले. पहिले दोन दिवस ती शांतता मलाच जड गेली. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, “टीचर, माय गोट इज सिक.” मी पाठ बाजूला ठेवला आणि पुढची वीस मिनिटं वर्ग तिच्या शेळीला काय झालंय ते इंग्रजीत विचारत होता. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पुढच्या शिक्षण परिषदेत मी त्या वीस मिनिटांबद्दल बोलले. दोन शाळांतल्या शिक्षकांनी पोस्टरपाशी भेटलेल्या त्या शिक्षिकेचा नंबर माझ्याकडून घेतला, अर्थात तिला आधी विचारूनच दिला.